नाही म्हणणारा एजंट

धाराशिव किंवा बीडच्या एखाद्या माळावर शंभर मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा तर चारशे ते पाचशे एकर जमीन लागते, आणि तीही शक्यतो सलग. एका मेगावॅटला चार ते पाच एकर, हा या धंद्यातला ठोकताळा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी धारणा आहे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या थोडी वर. साडेचारशे एकरांना तिनं भागलं की एकशे पस्तीसच्या आसपास खातेदार येतात. हे झालं कागदावरचं गणित. शिवारात एकेका सातबाऱ्यावर चार भाऊ असतात, दोन बहिणी असतात, एक विधवा चुलती असते, आणि पुण्याला किंवा सुरतेला गेलेली दोघं-तिघं अशी असतात, जी यात्रेखेरीज गावात दिसत नाहीत. पाचशे माणसांच्या घरात चहा प्यायल्याशिवाय त्या माळावर पहिला खांब रोवला जात नाही.

कंपनीचं ऑफिस मुंबईत किंवा गुरुग्रामला असतं. कर्ज देणाऱ्या बँकेचे वकील आणखी लांब. या पाचशे माणसांपर्यंत पोचणारा, त्यांची भाऊबंदकी ठाऊक असणारा, तलाठ्याच्या टेबलापुढं ताटकळणारा आणि बांधावर उभं राहून "हा दगड मूळचा इथला नाही" असं सांगू शकणारा माणूस म्हणजे जमिनीचा एजंट. वीजप्रकल्पांवर लिहिलं जातं ते वाऱ्याच्या वेगाबद्दल, पॅनेलच्या किमतीबद्दल, युनिटच्या दराबद्दल. ज्याच्या शब्दावर शेकडो कोटींचं कर्ज उभं राहतं त्या माणसाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्याचं खरं काम जमीन मिळवून देणं हे आहे, असं सगळेच धरून चालतात. माझ्या मते त्याचं खरं काम आहे कुठली जमीन घेऊ नये हे वेळेत सांगणं.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडं जमिनीच्या मालकीची हमी सरकार देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियानं १८५८ मध्ये अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि नोंद चुकली तर भरपाई सरकारची. भारतात १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दस्त नोंदला जातो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता का, हे दुय्यम निबंधक तपासून ठरवत नाही. सातबारा हा महसुलासाठी ठेवलेला अभिलेख. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणं त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफारानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणजे मालकी ही कुठल्या एका कागदावर नसते. तीस वर्षांचे, कधी साठ वर्षांचे कागद एकापुढं एक मांडून ती शोधून काढावी लागते. या शोधालाच कंपन्यांच्या भाषेत ड्यू डिलिजन्स म्हणतात. वकील त्याचा अहवाल लिहितो, पण वकिलाच्या टेबलावर कुठले कागद यायचे आणि कुठले यायचे नाहीत, हे बहुतेक वेळा एजंटाच्या हातात असतं.

एक सातबारा समोर धरून पाहू. डावीकडं भोगवटादाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, आकार. नवखा माणूस नाव आणि क्षेत्र पाहतो आणि पुढं जातो. जाणकार आधी भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पाहतो. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. मग तो पोटखराबा बघतो. चार हेक्टरांच्या गटात दीड हेक्टर पोटखराबा असेल तर तिथं ओढा, खडक किंवा नाला आहे, आणि पॅनेल बसणार ते अडीच हेक्टरांवर. मग इतर हक्काचा रकाना. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वहिवाट, कुळाचं नाव असा सगळा ऐवज इथं असतो. शेवटी तो फेरफार क्रमांकांवर येतो. सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले ते बारीक आकडे म्हणजे त्या जमिनीचा इतिहास. एकेक आकडा घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफाराचा उतारा काढायचा, तो वाचायचा, त्यातून आधीच्या फेरफारापर्यंत जायचं. डिजिटल सहीचा सातबारा आता मोबाईलवर मिळतो आणि पुष्कळ जुने फेरफारही स्कॅन झाले आहेत. मात्र मोडक्या अक्षरात लिहिलेलं "ए.कु.मॅ." वाचून थांबायचं कुठं, हे स्कॅनर सांगत नाही.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील वारले, मोठ्या मुलाचं नाव कुटुंबाच्या वतीनं लागलं, आणि पुढं दोन पिढ्या ते तसंच राहिलं. मधल्या एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरं गळतात आणि मोठा भाऊ एकटाच मालक दिसू लागतो. धाकट्यांचा हक्क काही गेलेला नसतो. वीस वर्षं भाऊ काही बोलत नाहीत, कारण कोरडवाहू माळाला किंमत नसते. कंपनीची गाडी शिवारात आली की बोलतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं.

बहिणींचं तर आणखी वेगळं. जुन्या वारस नोंदी काढून बघा. मुलांची नावं भोगवटादार म्हणून आणि मुलींची नावं, आईचं नाव इतर हक्कात टाकलेलं, असं किती तरी ठिकाणी सापडेल. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर आला, आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. तेव्हा वकिलाचा अहवाल म्हणतो: बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावं. हे वाक्य लिहायला एक ओळ लागते. ते अमलात येतं ते असं: भाऊ बहिणीला फोन करतो, "ताई, जरा सहीला ये." तिच्या सासरहून जीप तिला घेऊन येते. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो निघतो, अंगठा उमटतो, संध्याकाळी ती माहेरची साडी घेऊन परत जाते. जमिनीला काय भाव मिळाला हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. कायद्याच्या दृष्टीनं दस्त पक्का. पाच वर्षांनी तिचा मुलगा कोर्टात जातो आणि म्हणतो, आईची फसवणूक झाली. तेव्हा तो पक्का दस्त साक्षीपुराव्यात अडकतो.

चांगला एजंट काय करतो? तो त्या बहिणीच्या घरी जातो, भावाला बरोबर न घेता. एकरी भाव किती, तिचा हिस्सा किती होतो, ती सोडते आहे म्हणजे नेमकं काय सोडते आहे, हे तिला समजेल असं सांगतो. ती म्हणाली की मला माझे पैसे हवेत, तर कंपनीला कळवतो की या गटात एक विकणारी वाढली, चेक वेगळा काढा. यात दोन आठवडे जातात आणि भाऊ नाराज होतो. तरीही मी याला शहानिशेचा गाभा मानतो, आणि न्यायाचाही. माहिती लपवून घेतलेली संमती पुढं कुठल्या कोर्टात टिकेल, याची खात्री कुठलाच वकील देऊ शकत नाही.

जमिनीच्या जातीही अनेक. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडं जायची असेल तर महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांखाली सरकारी परवानगी आधी लागते, आणि यातून भाडेपट्टाही सुटत नाही. पूर्वीची महार वतनाची जमीन नवीन अविभाज्य शर्तीवर परत दिलेली असते. तिलाही परवानगी आणि नजराणा आहे. कुळकायद्यानं मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चं बंधन असतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ते सुटतं. देवस्थान इनामाची जमीन पुजारी पिढ्यान्‌पिढ्या कसत असला तरी मालक देव असतो.

मराठवाड्यात या सगळ्यावर हैदराबाद संस्थानाचा एक थर आहे, आणि राज्यातले नवे पवनप्रकल्प बरेचसे त्याच भागात येत असल्यानं तो समजून घेण्याजोगा आहे. तिथला कुळकायदा वेगळा, १९५० चा. संरक्षित कुळांच्या नोंदी वेगळ्या. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा तिथल्या शोधाचा पाया; त्यात त्या वर्षी जमीन कुणाच्या ताब्यात होती आणि कुठल्या प्रकारची होती ते कळतं. त्याच्या मागं गेलं की कागद उर्दूत. इनामाचे प्रकारही दोन ध्यानात ठेवावे लागतात. मदतमाश इनाम एखाद्या व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेलं, तर खिदमतमाश मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी. खिदमतमाश जमीन संस्थेची. सेवा करणाऱ्याच्या वारसांनी ती विकली तरी विकलेली ठरत नाही. दोन्ही शब्द एकाच जुन्या उताऱ्यावर घाईत लिहिलेले असतात, आणि नंतरच्या सातबाऱ्यावर दोन्हींचा मागमूस नसतो. पुण्याहून आलेला वकील तीस वर्षांचा शोध घेऊन "दोष आढळला नाही" असं लिहितो. गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो सहज म्हणतो, "ती होय? ती दर्ग्याची." एजंटानं ते ऐकलं, वहीत लिहिलं आणि खासरा काढायला लावला, तर कंपनी वाचली. ऐकून सोडून दिलं, तर पॅनेल बसल्यावर नोटीस येते.

कागद आणि ताबा यांची फारकत हा आणखी एक घोळ. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर मोडून गट पाडले गेले. कित्येक ठिकाणी योजना कागदावर झाली आणि शेतकरी आपापली जुनीच जमीन कसत राहिला. परिणामी सातबारा एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा. राज्य सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये यासाठीच सलोखा योजना आणली. बारा वर्षांहून अधिक काळ एकमेकांची जमीन कसणाऱ्यांना हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करण्याची सवलत तिनं दिली. सौरप्रकल्पासाठी जमीन घेताना एजंटानं हे शोधलं नाही तर कंपनी सहा गटांचं खरेदीखत घेते, कुंपण घालायला जाते, आणि तिथं तूर उभी असलेला शेतकरी समोर येतो. त्यानं काही विकलेलं नसतं. ज्यानं विकलं त्याची जमीन ओढ्यापलीकडं. म्हणून जाणता एजंट आधी गाव नकाशा घेऊन गटागटात चालतो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: यंदा इथं पेरलं कुणी? मोजणी त्यानंतर. भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीची क प्रत हातात येईपर्यंत क्षेत्राच्या आकड्यावर कुणी पैसे मोजू नयेत.

चालत गेल्यावर नकाशात नसलेल्या आणखी पुष्कळ गोष्टी दिसतात. पवनचक्कीचंच घ्या. सौरप्रकल्प इकडचा तिकडं सरकवता येतो, पण वारा जिथं आहे तिथंच चक्की उभी राहते; शंभर-दोनशे मीटर हलवली तरी उत्पादनाचा हिशेब बदलतो. केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं चक्की राहत्या घरापासून पाचशे मीटर दूर हवी. रस्ता आणि वीजवाहिनीपासूनचं अंतर मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग आणि वर पाच मीटर इतकं हवं. मनोरा १४० मीटर आणि व्यास १४० मीटर धरला तर ते २१५ मीटर होतं. मुंबईत बसलेला अभियंता उपग्रहाच्या चित्रावर गावठाणाभोवती वर्तुळ काढतो आणि जागा मोकळी आहे असं ठरवतो. पण चित्र तीन वर्षांपूर्वीचं असतं, आणि आपली माणसं गावठाण सोडून शेतात राहायला जातात. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, धाकट्यानं विहिरीजवळ पत्र्याचं घर बांधलं, दोन वर्षांत स्लॅब टाकला, मीटर आलं. नकाशाला ती वस्ती ठाऊक नाही. एजंटाला ठाऊक असते, कारण तो तिथं जेवलेला असतो. सूर्य खाली असताना चक्कीची सावली काही वेळ त्या अंगणात फिरत राहणार आणि रात्री पात्यांचा आवाज येणार. कंत्राटदाराची माणसं वर्षभरात दुसऱ्या प्रकल्पावर जातात, त्या घरातली माणसं तिथंच राहतात.

रस्त्याचा विचार तर नेहमी शेवटी होतो, आणि भोवतो. १४० मीटर व्यासाच्या चक्कीचं एक पातं सत्तर मीटरांच्या आसपास असतं. ते एका तुकड्यात येतं. ट्रेलर हायवेवरून तालुक्यापर्यंत पोचतो आणि गावाच्या वळणावर थांबतो, कारण तिथं देवळाची कमान आहे, चिंच आहे आणि कोपऱ्यावर एका म्हातारीचं घर आहे. पाणंद नकाशावर दोन रेघांची दिसते. जागेवर दोन्हीकडून बांध सरकून ती बैलगाडीपुरती उरलेली असते. चक्कीची जागा विकत घेतली म्हणजे तिथं पोचण्याचा हक्क मिळाला असं होत नाही. डोंगरात याचे परिणाम आणखी गंभीर. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनप्रकल्पाचं उदाहरण घेतलं. तिथं चक्क्यांपेक्षा त्यांच्यासाठी उतारावर कापलेल्या रस्त्यांनी, त्यातून सुटलेल्या दरडींनी आणि खाली वाहून आलेल्या राडारोड्यानं झालेली हानी समितीनं नोंदवली. शहानिशा मनोऱ्याच्या एक हेक्टरापुरती करून चालत नाही; खालच्या शेतात पावसाळ्यात काय वाहून येईल, तेही त्यात आलं पाहिजे.

सौरप्रकल्पाला पाण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीनं छळतो. उन्हाळ्यात पाहिलेला माळ सपाट आणि कोरडा दिसतो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पॅनेलच्या खांबांना हलवते. बुजवलेला नाला सप्टेंबरात आपली वाट पुन्हा शोधतो. "पाणी कुठवर चढतं?" हे गुराख्याला विचारावं. त्यानं काठीनं दाखवलेली रेघ जलशास्त्राच्या अहवालाला जोडून ठेवण्याच्या लायकीची असते.

काही जमिनी अशा, की ज्यांची गावाला किंमत आहे आणि दप्तराला नाही. जैसलमेरकडं देवाच्या नावानं राखलेली ओरणं आहेत. गुरं चरतात, झाड तोडत नाहीत. महसुली नोंदीत त्यांतली बरीच सरकारी पडीक म्हणून आहेत, त्यामुळं सौर आणि पवन कंपन्यांना ती मोकळी दिसली. देगराय ओरणासाठी गावकऱ्यांना उभं राहावं लागलं. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला अशी देववनं मोजून वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. आपल्याकडच्या गायरानांची कथा याच्या जवळची आहे. कागदावर सरकारी, वापर गावाचा, आणि काही तुकड्यांवर पन्नास वर्षांपासून भूमिहीन कुटुंबं कसत आलेली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जातात तेव्हा यातला कुठला तुकडा खरंच रिकामा आहे, हे कुणीतरी जाऊन पाहायला हवं. ही योजना शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी आहे आणि मला ती मनापासून हवी आहे. म्हणूनच तिच्या नावावर एखाद्या कुटुंबाची ज्वारी उपटली जाऊ नये असं वाटतं.

कागद उलट्या बाजूनंही फसवतो. केरळातल्या अट्टप्पाडीत पवनचक्क्या उभ्या राहिल्यानंतर, २०१० साली, त्यांच्याखालची काही जमीन आदिवासींची असल्याचं आणि मधल्या व्यवहारांत खोटे दस्त झाल्याचे आरोप पुढं आले. कंपनीच्या हाती येईपर्यंत अशी जमीन दोन-तीन हातांतून गेलेली असते. प्रत्येक हातानं पुढच्याला कागद दाखवलेला असतो. मूळ माणसाला भेटायला मात्र कुणी गेलेलं नसतं.

महाराष्ट्रातही मधला हात ही जुनी सवय आहे. कंपनी शेतकरी नाही, आणि शेतजमीन घ्यायची तर तिला कायद्यातल्या औद्योगिक वापराच्या सवलतीतून जावं लागतं. त्यापेक्षा शेतकरी असलेला एजंट आपल्या किंवा नातेवाइकांच्या नावावर साठेखतं, खरेदीखतं करत जातो आणि गठ्ठा जमला की कंपनीला देतो. यात दोन धोके. एक सरळ आहे: कमाल जमीन धारणा कायद्यानं कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, ती ओलांडली की सगळा गठ्ठाच अडचणीत. दुसरा धोका भावाचा. शेतकऱ्याला सांगितलेला भाव आणि कंपनीला लावलेला भाव यांतला फरक एजंटाचा. तो फरक गावाला कळायला फार तर सहा महिने लागतात, आणि कळल्यावर उरलेले गट कुणी देत नाही. पैशाचा ओघ शिवारात आला की त्याच्या वाटेवर दुसरीही माणसं उभी राहतात. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीतून ती घडल्याचं तपास यंत्रणेनं आरोपपत्रात म्हटलं आहे. न्यायालयात त्याचा निकाल व्हायचा तेव्हा होईल. पण जमीन, वाहतूक, मुरूम, मजूर या सगळ्याची गाठ गावपातळीवर कुणाशी बांधली जाते, ही तपासणी कंपन्या आजवर सर्वांत कमी गांभीर्यानं करत आल्या आहेत.

आता मोबदल्याचा मुद्दा. आपल्याकडं एजंटाला पैसे मिळतात ते झालेल्या एकरांवर. ज्या गटाचं खरेदीखत झालं त्याचं कमिशन. जो गट त्यानं तपासून बाद केला, ज्यापायी महिनाभर तालुक्याला खेटे घातले, त्याचे शून्य. अशा व्यवस्थेत दर्ग्याची गोष्ट ऐकलेला एजंट गप्प राहतो, यात नवल नाही. आपण त्याला खरं बोलण्याचा दंड लावला आहे.

अमेरिकेतल्या तेल आणि वायूच्या धंद्यात हे काम लँडमन करतो. टेक्सासमध्ये जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. तो खनिजहक्क वारसांत वाटत वाटत बारीक अपूर्णांकांपर्यंत जातो. लँडमन काउंटीच्या कोर्टहाउसात बसून मूळ सरकारी सनदेपासून आजवरच्या प्रत्येक दस्ताची साखळी उतरवून काढतो, मग वारसांच्या घरी जातो. त्यांची संघटना १९५५ पासून आहे, मुख्यालय फोर्टवर्थला. तिची आचारसंहिता आहे, परीक्षा आणि प्रमाणपत्रं आहेत. आणि स्वतंत्र काम करणाऱ्या लँडमनला पैसे बहुधा दिवसाच्या हिशेबानं मिळतात. साखळी तुटलेली निघाली तरी त्याचा दिवस भरतो. त्या धंद्यातही लबाडी आहे, भोळ्या वारसांची लूट झालेली आहे. तरी शोधाचे पैसे आणि सौद्याचे पैसे वेगळे ठेवण्याची ती पद्धत उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडं महारेरानं घरांच्या एजंटांना नोंदणी आणि परीक्षा लावली. फ्लॅट विकणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. पाचशे एकर शेतजमीन जमवणाऱ्याला काहीच लागत नाही. कायदा होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. कंपनी आणि एजंट यांच्यातल्या करारात चार ओळी घालता येतात. तपासलेल्या प्रत्येक गटाची ठरावीक फी, गट घेतला तरी आणि सोडला तरी. बाद केलेल्या गटाचं कारण लेखी, कुणी काय सांगितलं त्याच्या नोंदीसह. भाव शेतकऱ्याला कंपनीच्या पत्रावर, मराठीत, एजंटाच्या तोंडी नाही. आणि जाहीर नोटीस त्या तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या पेपरात, शिवाय चावडीवर.

शेतकऱ्याच्या बाजूनंही एजंटाची परीक्षा घेता येते. प्रकल्पाला जमीन विकायची की भाड्यानं द्यायची, हे त्यानं दोन्हींचे आकडे समोर ठेवून सांगितलं का? सौर कृषी वाहिनी योजनेत भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ असं ठरवलेलं आहे; खाजगी प्रकल्पाचा एजंट त्याहून कमी सांगत असेल तर का, हे विचारायला हवं. भाडेपट्टा पंचवीस-तीस वर्षांचा. तेवढ्या काळात कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर भाडं कोण देणार, मुदत संपल्यावर खांब आणि काँक्रीट कोण उपटणार, मधल्या काळात बँक त्या जमिनीवर बोजा चढवणार का, याची उत्तरं पट्ट्याच्या मसुद्यात असतात. तो मसुदा बऱ्याचदा इंग्रजीत असतो. सही करायच्या आधी तो मराठीत घरी न्यायला देणारा, चार दिवस ठेवून घ्या आणि ओळखीच्या वकिलाला दाखवा म्हणणारा, आणि दाखवल्यावर आलेल्या हरकती कंपनीपुढं मांडणारा एजंट मिळाला, तर त्याच्याशी पुढचं बोलायला हरकत नाही.